संप चार दिवसांचा, हप्ता सात तारखेचा

"काकू नमस्कार, आम्ही फुरसुंगीला राहतो. ह्यांचा छोटा हत्ती टेंपो आहे, पहाटे मार्केट यार्डातून हॉटेलवाल्यांची भाजी टाकतात आणि दुपारी हडपसरच्या कारखान्यांचा माल. डिझेल वाढतंय म्हणून ह्यांच्या संघटनेने सोमवारपासून चार दिवस गाड्या बंद ठेवायचं ठरवलंय आणि हे त्यात सगळ्यात पुढे. मोठ्या भावजींची पिकअप आहे, ते म्हणतात मी रात्रीची गाडी काढणार, संपात डबल भाडं मिळतं. त्यावरून दोघं भाऊ एकाच घरात राहून बोलत नाहीयेत आणि सासूबाई भावजींच्या बाजूने. सात तारखेला ११,४०० चा हप्ता आहे. माझ्याकडे भिशीचे १८,००० आहेत, ह्यांना माहीत नाही. मी ह्यांना थांबवू का? आणि खरं सांगा, संप करून कधी डिझेल स्वस्त झालंय का?"
— एक वाचक, फुरसुंगी

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटात आहेत. संप मिटला आणि दुसऱ्या दिवशी पंपावरचा बोर्ड खाली आला, असं मी तरी कधी बघितलेलं नाही. आणि मी हे बाहेरून बघून बोलत नाहीये, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एका ऑफिसात मी अकरा वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या लिहिल्यात, अॅडव्हान्स किती, बॅलन्स किती, वराई म्हणजे माल चढवाय-उतरवायची हमाली कोण देणार, सगळं ह्या हाताने. जुलै २०१८ चा देशभरचा ट्रकवाल्यांचा संप मी त्या टेबलावर बसून काढला. २० जुलैला सुरू झाला, आठ दिवस चालला. डिझेल जीएसटीत आणा, टोलचं काहीतरी करा, थर्ड पार्टी इन्शुरन्सचा प्रीमियम कमी करा, अशा मागण्या होत्या. आश्वासन मिळालं, समिती नेमू म्हणाले, गाड्या सुटल्या. डिझेल तेव्हाही जीएसटीच्या बाहेर होतं आणि अजूनही बाहेरच आहे.

मग संप म्हणजे वेडेपणा का? नाही गं, तसं अजिबात म्हणत नाहीये, थांब जरा, सांगते.

आधी तुझ्या गाडीचा हिशोब. छोटा हत्ती लिटरला अठराच्या आसपास देतो, रोज शंभर-एकशेदहा किलोमीटर धरले तर सहा लिटर, महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस, म्हणजे दीडशे लिटर. म्हणजे डिझेल एक रुपयाने वाढलं की तुझ्या घरातनं महिन्याला दीडशे रुपये गेले, चार रुपये वाढलं की सहाशे. आता ह्यांच्या हातात दिवसाला खर्च जाऊन बाराशे राहतात असं धरू (तू लिहिलं नाहीस, मी अंदाजे धरतेय, कमी-जास्त असेल तर तू करून घे), तर चार दिवस गाडी उभी म्हणजे ४,८०० गेले. म्हणजे सहाशे वाचवायला ४,८०० घालवले, आठ महिन्यांचं एकदम. नुसत्या आकड्यांनी बघितलं तर भावजी बरोबर आहेत. आणि सासूबाईंनी आयुष्यभर घर चालवलंय, त्यांना हा हिशोब न मांडता कळतो, म्हणून त्या तिकडे आहेत, त्यांच्यावर राग धरू नकोस.

पण ह्या हिशोबात एक गोष्ट सुटते, आणि ती मला पण त्या आठ दिवसांनंतरच कळली.

डिझेलचा भाव आधी सरकार ठरवायचं. पेट्रोल मोकळं सोडलं जून २०१० मध्ये. डिझेलला हळूहळू, जानेवारी २०१३ पासून महिन्याला थोडे थोडे पैसे वाढवत आणलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण सोडून दिलं. मग १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी बदलायला लागले, त्याआधी पंधरा दिवसांनी बदलायचे. सांगितलं काय, तर आता बाजार ठरवणार, बाहेर कच्चं तेल वाढलं तर वाढेल, उतरलं तर उतरेल. ऐकायला चांगलंच आहे ना? पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल कोसळलं तेव्हा मे महिन्यात केंद्राने डिझेलवरचा कर एका रात्रीत १३ रुपयांनी वाढवला, पंपावर आपल्याला उतरलेलं काही दिसलंच नाही. आणि उलट बाजूने, नोव्हेंबर २०२१ पासून चार महिन्यांवर हा रोज बदलणारा भाव एक पैसासुद्धा हलला नाही, मधे पाच राज्यांच्या निवडणुका होऊन गेल्या, आणि २२ मार्च २०२२ ला जो सुटला तो सोळा दिवसांत दहा रुपये वर. आमच्या ऑफिसातला एक म्हातारा ड्रायव्हर म्हणायचा, ह्या बाजाराला पंचांग कळतं.

तर ह्यांचा राग खोटा नाही, हे आधी धरून चाल. मोकळं सोडलं म्हणायचं आणि कराचा नळ हातात ठेवायचा, आणि देशातले बहुतेक पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम ह्या तीन सरकारी कंपन्यांचेच. ह्याच्यावर माणूस रस्त्यावर नाही येणार तर काय करणार. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही बरं का. माझ्या भाच्याने मागे दाखवलं, फिलिपिन्समध्ये तेल मोकळं सोडायचा कायदाच आहे १९९८ चा, तिथे कंपन्या दर मंगळवारी भाव बदलतात, आणि तिथले जीपनीवाले, म्हणजे आपल्या सहा सीटर टमटमचेच थोरले भाऊ, हा कायदा रद्द करा म्हणून वर्षानुवर्षं संप करतायत. त्यांच्या संघटनेचं नावच पिस्टन आहे, मला फार आवडलं ते.

आता त्या हिशोबातनं सुटलेली गोष्ट. डिझेल मोकळं सोडलं तसं तुमचं भाडंही मोकळंच आहे. रिक्षावाल्याचं तसं नाही. त्याचं मीटर सरकार ठरवतं, त्यामुळे त्याला भांडायला समोर एक टेबल असतं. २०२२ मध्ये सीएनजी चढत गेला, पुण्यातल्या रिक्षावाल्यांनी आरडाओरडा केला, आणि सप्टेंबरपासून पहिल्या दीड किलोमीटरला २१ चे २५ झाले आणि पुढच्या किलोमीटरला १४ चे १७. उशिरा झाले, पुरेसे झाले नाहीत असं ते म्हणतील, पण झाले. टेंपोला असं टेबलच नाही. मार्केट यार्डच्या गेटवर हॉटेलवाला म्हणतो सहाशे, तुझे हे म्हणतात सातशे, आणि मागचा टेंपोवाला म्हणतो साडेपाचशे. संपलं. डिझेलचा भाव वर बसून ठरतो आणि भाड्याचा भाव गेटवर उभ्या चाळीस गाड्यांमधला सगळ्यात अडलेला माणूस ठरवतो.

त्यामुळे संपातनं तुमच्या हातात काही पडायचं असेल ना, तर ते दिल्लीतनं कधी पडेल ते पडेल, पण लगेच पडतं ते ह्याच पार्टीकडून, म्हणजे माल देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून, आणि तेही संप चालू असताना नाही, संप मिटल्यावर. २०१८ ला आठ दिवस आमच्याकडे फोन नुसता वाजत होता, पार्ट्या रडकुंडीला आलेल्या, माल पडून. बाहेर वीसेक ट्रक उभे, ड्रायव्हर लोक गाडीखालीच स्टोव्ह पेटवून भात टाकायचे, एकजण बीडचा होता तो रोज माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचा, मॅडम, आज सुटणार का. नवव्या दिवशी गाड्या लागल्या आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, बंगलोरच्या ट्रिपला ज्या पार्ट्या पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करायच्या त्यांनी दोन-दोन हजार वाढवून दिले, हू की चू नाही केलं. हे दहा-बारा दिवस टिकलं. मग पहिला रेट कोणी तोडला सांगू? आमच्याच शेठने. शेजारच्या ऑफिसची पार्टी फोडायला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने आणखी खाली आणला आणि महिन्याभरात सगळं होतं तिथे. आठ दिवस उपाशी राहून मिळवलेलं महिन्याभरात आपसात खाऊन टाकलं. त्या बीडवाल्याला त्यातलं किती मिळालं ते मी बिल्टीवर लिहिलंय म्हणून मला माहितीये, काही नाही.

म्हणून म्हणते, ह्यांना थांबवू नकोस. चार दिवस गाडी उभी राहू दे. पण संपाच्या आधी, म्हणजे आज-उद्याच, ह्यांना एक प्रश्न विचार की पाचव्या दिवशी पार्टीला काय रेट सांगणार? बघ, बहुतेक उत्तर येणार नाही. घोषणा पाठ असतात, बॅनर छापलेला असतो, कोणत्या चौकात जमायचं ते ग्रुपवर पडलेलं असतं, पण पाचव्या दिवसाचा रेट कोणी ठरवलेला नसतो. तो संघटनेच्या मीटिंगमध्ये ठरवून घ्यायला लाव. आणि नुसता वाढवा असं नाही, डिझेलला बांधून. चाकणकडे मोठ्या कंपन्यांची ठेकेदारी असते तिथे असं लिहून घेतात, आजचा डिझेलचा भाव अमुक, तो इतक्याने हलला की भाडं इतक्याने हलणार, खाली आला तर भाडं पण खाली. हॉटेलवाल्याशी करार-बिरार करायची गरज नाही, व्हॉट्सअॅपवर एक मेसेज टाकायचा, आजचा भाव लिहून, पंपाच्या पावतीचा फोटो लावून, की शेठ, इथून पुढे पाच रुपये वाढले की फेरीमागे वीस. आता छत्तीस किलोमीटरच्या फेरीला डिझेल लागतं दोन लिटर, म्हणजे पाच रुपये वाढीचे होतात दहाच, मग वीस का? कारण रिकामी परत येते ती गाडी कोण धरतं, आणि डिझेल वाढलं की टायरवाला, गॅरेजवाला, चहावाला सगळेच वाढवतात. शेठ पंधरावर येईल. येऊ दे. पण एकदा हे बोलणं झालं की दर वाढीला नव्याने तोंड वाईट करायला लागत नाही.

आता भावजी. मला वाटतं सगळ्यात जास्त झोप तुझी ह्याच्यावरच उडालीये.

भावजींना संप करायला लावता येणार नाही, आणि लावूही नका. पण ह्यांनी त्यांच्यापुढे एक गोष्ट ठेवावी, तीही सासूबाईंच्या समोर, कारण एकट्यात दोघं पुन्हा भांडतील. म्हणावं दादा, तुला रात्री गाडी काढायची तर काढ, मी अडवणार नाही आणि माझ्या संघटनेच्या पोरांना तुझा नंबरही सांगणार नाही. पण संप मिटल्यावर माझा जो रेट ठरेल त्याच्या खाली तू जायचं नाही. बस एवढंच. चार दिवस डबल भाडं घेणारा माणूस मला एवढा खुपत नाही गं, खुपतो तो पाचव्या दिवशी पन्नास रुपये कमी करून भावाचीच पार्टी नेणारा. बहुतेक घरात असंच होतं, भांडण संपावरून झालं म्हणतात आणि खरं झालेलं असतं एका हॉटेलवाल्यावरून. तुमच्याकडे तसं आधी कधी झालंय का ते बघ जरा, मला पत्रात त्याचा थोडा वास आला.

भावजींना अजून एक विचारायला सांग, पिकअपचा इन्शुरन्स कसला आहे. गाडी जुनी झाली की बरेच जण फक्त थर्ड पार्टी काढतात, स्वस्त पडतो म्हणून. फुल पॉलिसी असेल तर दंगा आणि संपात झालेलं गाडीचं नुकसान त्यात धरलेलं असतं, पण नुसत्या थर्ड पार्टीत स्वतःच्या गाडीच्या काचेचा एक रुपया मिळत नाही. संपात रात्री निघणाऱ्या गाडीची हवा सोडणारे असतात, आणि नुसती हवा सोडून सगळे थांबत नाहीत. समोरची काच गेली की डबल भाड्याचे चारही दिवस त्यातच गेले. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, त्यांनी हिशोब करावा म्हणून सांगतेय, ते हिशोबी माणूस दिसतायत.

आणि ह्यांनी स्वतः चोरून गाडी काढायची नाही. अजिबात. दिवसा चौकात घोषणा आणि पहाटे तीनला मागच्या गल्लीतनं भाजी, असे मी बघितलेत, संप संपल्यावर त्यांच्याकडे कोणी चहा प्यायला पण जात नाही. भाजीला सूट आहे का ते संघटनेला सरळ विचारा, दूध, औषधं, अॅम्ब्युलन्स हे बहुतेक वेळा सोडतातच, भाजीचं दर वेळेला वेगळं ठरतं. सूट असेल तर उजळ माथ्याने जा. नसेल तर हॉटेलवाल्याला दोन दिवस आधी कळवा, तो कांदा-बटाटा भरून ठेवेल आणि तुमच्यावर चिडणार नाही. न सांगता पहाटे दांडी मारली तर मात्र तो दुसरा टेंपो लावेल आणि मग तो टेंपो काही जायचा नाही.

हप्त्याचं. भिशीतनं भर. हो, तू वाचवलेले आहेत, कशासाठी वाचवले असतील ते मी विचारत नाही, पण हप्ता बाऊन्स झाला की बँक एकीकडून कापते आणि फायनान्सवाला दुसरीकडून लावतो, वर सिबिलला, म्हणजे कर्जाच्या पतीला डाग पडतो तो वेगळाच. समजा नाहीच जमलं, तर घाबरून जाऊ नका. एक हप्ता चुकला म्हणून लगेच खातं बुडीत धरत नाहीत, नव्वद दिवसांच्या वर थकलं की धरतात. वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्याने दमदाटी केली तर वेळ आणि नंबर लिहून ठेव. उशिराचा दंड लावू शकतात पण तो मुद्दलात मिसळून त्यावर परत व्याज चढवता येत नाही, हा नियम २०२४ पासून लागू आहे, तेव्हा पुढचं स्टेटमेंट आलं की नीट बघ.

पण पैसे देताना असं कर. गुपचूप ह्यांच्या खात्यात टाकू नकोस, आणि रडत-रडत "माझ्याकडे होते" असं पण नको. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर एक वही काढ, दोनशे पानी साधी, पहिल्या पानावर लिही, टेंपोला उसने दिले ११,४००, तारीख, आणि खाली ह्यांची सही घे. ह्यांना नाही, टेंपोला. हसतील, हसू दे. पुढच्या पानापासून रोजचं लिहायचं, किलोमीटर, लिटर, भाव, भाडं, वराई, टोल, दंडाचं चलन. मी पैजेवर सांगते, ह्यांना आत्ता फेरीमागे नक्की किती सुटतात ते पक्कं माहीत नाहीये, कोणालाच नसतं, खिशात उरलं ते कमावलं असा हिशोब असतो. आणि तोच माणूस मग शेठपुढे रेट मागायला उभा राहतो तेव्हा आवाज बारीक होतो. वही असली की "परवडत नाही शेठ" च्या पुढे बोलता येतं. तुझं अक्षर पत्रात चांगलं आहे, तूच लिही.

आणि तुझे पैसे टेंपोने परत करायचे, महिन्याला हजार-बाराशे का होईना. नवीन रेट मिळाला तर त्यातनं पहिलं हे. भिशी बंद करू नकोस. उरलेल्या ६,६०० चं ह्यांना सांगायचं का नाही ते तुझं तू ठरव, मला विचारलंस तर मी नसतं सांगितलं, पण मी जरा तशीच आहे.

चार दिवस गाडी उभी राहणार तर ह्यांना सांग बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा, जुनी बॅटरी असेल तर उतरते, आणि हौद्यातली ताडपत्री घरात आणा. नाहीतर पाचव्या दिवशी पहाटे साडेतीनला गाडी स्टार्ट होणार नाही आणि धक्का मारायला भावजींनाच उठवायला लागेल. तसं म्हणलं तर, न बोलणाऱ्या भावांसाठी तेही काही वाईट नाही.